काकांचा तिसरा खांब

आमच्या काकांनी घरात ठोकलेलं काहीही टिकत नाही. फळी ठोकली की संध्याकाळपर्यंत डबे जमिनीवर, दोरी बांधली की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे. त्यामुळे महामार्गाच्या पुलाला या माणसाचा हात लागलाय, हे ऐकूनच काकू देवाला हात जोडायची.

पूर्वी नदीवर एक बुटका दगडी पूल होता. जरा पाणी चढलं की तो बुडायचा आणि पलीकडची माणसं पलीकडेच अडकायची. मग महामार्गासाठी उंच पूल बांधायला घेतला. त्यातल्या तिसऱ्या खांबाचं काँक्रीट ओतणाऱ्या टोळीचे मिस्त्री आमचे काका. त्या खांबाचं पुराण सुरू झालं की आम्ही मुलं हळूच काढता पाय घ्यायचो. काकू भाजी चिरता चिरता एवढंच म्हणायची, "बघू, उभा राहिला तर." इंजिनिअरने पाठ थोपटली, कंत्राटदाराने हात मिळवला, पण काकांना हवी होती ती हिची शाबासकी. ती काही मिळेना.

पूल खुला करण्याआधी वाळूने भरलेले ट्रक वर ओळीने उभे करून तो किती वाकतो ते मोजायचं ठरलं. कामावरचा शिरस्ता असा, की ज्याने खांब उभारला त्याने तेव्हा त्याच्यापाशी खाली थांबायचं. त्या सकाळी काका काही न खाताच निघाले. डबासुद्धा घरीच राहिला.

दुपारी काकू तो डबा आणि मला घेऊन आटलेल्या नदीत उतरली. मुकादम नको नको म्हणत असताना थेट खांबापाशी गेली.

"अगं, इथे कशाला? वर भरलेले ट्रक आहेत!" काका ओरडले.

"दिसतंय की. सावली बरी आहे. आधी जेवून घ्या."

वर आणखी एक ट्रक घरघरत आला. थोडी धूळ पडली. काका मांडीवर डबा घेऊन वर बघत बसले. काकूने पदराने मान पुसली, खांबाला पाठ टेकली, पाय पसरले आणि थोड्याच वेळात चक्क घोरायला लागली.

काका तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"मिस्त्री!" वरून कोणीतरी हाक मारली. "पूल पास झाला!"

काकांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे," ते म्हणाले, "झोपलीये ती."