आधीच वाचलेलं पुस्तक

खिडकीपाशी दाढी करत होतो. बाहेर कट्ट्यावर माझी नात गौरी तिच्या मैत्रिणीला, सईला, पुस्तक दाखवत होती.

"वाचच तू. शेवटी शेळी सापडते ना, तिथं मी रडले. शप्पथ!"

"शेवट कशाला सांगितलास, बावळट! बरं, दे आत्ताच."

"थांब गं, आजोबांचं व्हायचंय. त्यांना वाटतं, मीपण पहिल्यांदाच वाचतेय."

दोघी खिदळल्या. माझा वस्तरा गालावरच थांबला.

रोज संध्याकाळी गौरी मला ते पुस्तक वाचून दाखवते. मी दुसरी शिकलेला. जोडाक्षराला अडतो, पण सांगताना डोळ्यांचं निमित्त सांगतो. कालपर्यंतच्या वाचनात आमची शेळी डोंगरात हरवलेली होती. माझ्या जिवाला घोर, आणि गौरीही कपाळाला आठ्या घालून बसलेली. त्या आठ्या खोट्या होत्या म्हणायच्या.

पोरं एकमेकांना पुस्तक सांगतात ते गोड चिंचेचं झाड दाखवावं तसं, हात धरून ओढत नेतात. म्हाताऱ्याला चिंच हातात आणून देतात, झाडापाशी नेत नाहीत. मला वाटायचं, आम्ही दोघं त्या डोंगरात बरोबरच हिंडतोय. मी एकटाच हिंडत होतो. ही सोबत नव्हती, माझी सेवा चालली होती.

संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं.

"राहू दे. देऊन टाक सईला," मी म्हणालो.

"अहो आजोबा, मग शेळीचं?"

"लांडग्यानं खाल्ली असणार."

गौरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. सापडते, असं म्हणायची तिची सोय नव्हती.