इंद्यालातली इटली

कल्याणहून वसईला निघालेल्या एसटीत मी मांडीवरची बाटली टॉवेलात इतक्या मायेने गुंडाळली होती, की शेजारच्या बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "झोपलंय का?"

बाळ इटलीचं होतं. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या मेहुण्याने आणलेली तांबडी वाईन. सांजोवेझे, कॅबरने आणि मेर्लो अशा तीन जातींची द्राक्षं एकत्र करून केलेली, चवीला कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आणि दणकट. सोबत त्याच्या सूचना: तासभर आधी बूच काढून ठेवायची, भाजलेल्या मटणाबरोबर नाहीतर मुरलेल्या चीजबरोबरच प्यायची, तिखटाच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही.

मला ती रोझमावशीला पाजायची होती. माझ्या ऑफिसातल्या आग्नेलची ही आई घरी वाईन करते. गेल्या नाताळात तिची गोड वाईन पिता पिता मी परदेशी वाईनचं कौतुक केलं, तर भर पंगतीत म्हणाली, "बाबा, ती वाईन नाय, खोकल्याचं औषध." तो अपमान मी वर्षभर सांभाळला होता. आज मावशीच्या तोंडून कौतुक वदवून घ्यायचंच होतं.

कामणला गाडी थांबली ती थांबलीच. एक ट्रक गोदामात उलटा शिरत होता आणि अर्धं गाव त्याला सल्ले देत होतं. मी बाटलीवर माझी सावली धरून बसलो. माणिकपूरला उतरून रिक्षा केली.

"हळू चालवा. वाईन आहे."

"वाईन?" रिक्षावाला वळून म्हणाला. "आणि ती वसईत घेऊन आलात?"

पोचल्या पोचल्या बूच काढून बाटली ओट्यावर ठेवली. आग्नेल मला केळीची वाडी दाखवायला घेऊन गेला.

"रोस्ट आहे ना?" निघता निघता मी विचारलं.

"आहे. आणि इंद्यालपण (शिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, डुकराचं तिखट मटण)."

"ते बाटलीपासून लांब ठेव."

वाटेत प्रत्येक कुंपणाशी आग्नेलचा कोणीतरी नातलग उभा. तासाभराचे दोन तास झाले. परतलो, तर बाटली धुऊन मोरीपाशी पालथी घातलेली.

"मावशी, वाईन?"

"बिघडली होती रे," मावशी माझी समजूत घालत म्हणाली. "कोणीतरी उघडी टाकली. चाखली तर आंबट, गोडाचं नाव नाय. पण आपण वाईन फेकत नाय. शिरका संपलाच होता, इंद्यालात ओतली."

"सगळी?"

"मटण काय थोडं आहे?"

आग्नेल भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

चिडूनच जेवायला बसलो. फुग्याचा (तळलेल्या मऊ, गोल पावाचा) तुकडा रश्शात बुडवला आणि राग टिकवणं अवघड होऊन बसलं. आधी पिकल्या जांभळासारखी गडद, तुरट चव आली. तिखट मागून, नम्रपणे आलं. रोस्टकडे कोणी बघेना. मावशीने रस्सा चाखला, परत चाखला.

"बाबा, ही कुठली म्हणालास?"

"इटलीची."

तिने पंगतीवर नजर फिरवली. "शिरका चांगला करतात हां."

वर्षभर ज्या कौतुकासाठी झुरलो, ते असं मिळालं. परतीच्या एसटीत धुमसत राहिलो आणि अधूनमधून ओठांवरून जीभ फिरवत राहिलो.

आठवड्याने मेहुण्याचा फोन आला. "कशी होती वाईन?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, "दोनदा वाढून घेतली."