रामरावांनी कादंबरी उलटी उघडली

जालन्यातल्या मस्तगडच्या रामरावांना बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता, पण पहिला नंबर कादंबरीचा. चहा पातळ झाला की ते विचारत, "हा चहा हाय का कादंबरी?" तहसील कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून ओसरीवर खुर्ची टाकून जगाला नापास करणं एवढंच काम उरलं होतं, आणि ते काम ते एकही रजा न घेता करीत.

दुपारी आत ज्वारी निवडणं चाले. सून नंदा मोठ्यानं कादंबरी वाची. अक्षरओळख नसलेल्या झुंबरबाई, म्हणजे रामरावांच्या मंडळी, आणि शेजारच्या गिरिजाबाई खडे वेचत ऐकत. कादंबरीतली कुसुम कोकणात मास्तरीण होती. तिचा नवरा जहाजावर गेला तो गेलाच, पत्ता नाही. त्याच्या काळजीनं झुंबरबाईंच्या हातून खडे सुटू लागले आणि भाकरीतून थेट रामरावांच्या दाताखाली येऊ लागले.

"त्या कोकण्यापायी माझी दाढ गेली, तर भरून कोण देईल?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," झुंबरबाई म्हणत. "तुमचं काळीज कचेरीतच राह्यलं."

"थापा हायेत सगळ्या. जन्मालाच न आलेल्या माणसासाठी रडून राह्यल्या. बिलकुल रिकामटेकड्या."

एकदा नंदा पुस्तक ओसरीवर ठेवून पाणी भरायला गेली. थापा किती मोठ्या आहेत तेवढं बघावं, म्हणून रामरावांनी ते उचललं. आता रामरावांचं शिक्षण सगळं निजामाच्या अमदानीतलं, उर्दूतलं. उर्दू पुस्तकाचं पहिलं पान जिथं असतं, तिथं मराठीचं शेवटचं. राज्य बदललं म्हणून हाताची सवय थोडीच बदलते! उघडलं ते पान त्यांनी बोट फिरवत वाचलं आणि घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "जहाज बुडालं. तो मेला. ही समुद्राकडं बघत बसली. खेल खतम."

आतली सुपं थांबली. गिरिजाबाई पदर झटकून घरी गेल्या. पाण्याची घागर घेऊन आलेली नंदा दारातच उभी राहिली.

"अगं, मला वाटलं पहिलंच पान हाय," रामराव म्हणाले. ते खरं होतं, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचन बंद. ज्वारी सुतकात निवडावी तशी निवडली जाऊ लागली. भाकरीतले खडे गेले, चवही गेली. चहा यायचा, पण जमिनीवर टेकवून बाई न बोलता परत. जगाला नापास करायला निदान एक ऐकणारं माणूस लागतं, हे रामरावांच्या तेव्हा ध्यानात आलं.

खरं तर हा माणूस पोरपणी बोर्डिंगात कंदिलाखाली वजिरांच्या नि चोरांच्या उर्दू गोष्टी वाचून दाखवी, आणि पोरं आपल्या वाटणीचा गूळ त्याला देत. मग कचेरीत मराठी आली. तिशी उलटल्यावर रामराव बाराखडी गिरवायला बसले. त्यांचा दुसरीतला मुलगा त्यांच्या वेलांट्या दुरुस्त करी. तेव्हापासून मराठी छापील अक्षर दिसलं की त्यांना परीक्षाच दिसे. भीती वाटते म्हणण्यापेक्षा तुच्छ मानणं सोपं.

दोन-तीन दिवस असे गेल्यावर त्यांनी खुर्ची उंबऱ्यापाशी ओढली.

"ते पुस्तक चुकीचं छापलंय."

"म्हणजे, मामंजी?" नंदानं विचारलं.

"जहाज बुडालं, बराबर. पण मुडदा सापडला का? पंचनामा झाला का? मंग मेला कसा? लेखक म्हणवतो अन् एवढी अक्कल न्हाई."

सुपं हळू झाली. परत येऊ लागलेल्या, पण अजून न बोलणाऱ्या गिरिजाबाई जरा पुढं सरकल्या. रामरावांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी गावातला मोतीतलाव घेतला, त्यात मीठ टाकलं आणि भरपूर वाढवला. नवरा फळीवर तरंगला, कोळ्यांनी काढला, चुकीच्या गाडीत बसला आणि जालन्याला उतरला.

"जालन्याला कशाला येईल त्यो?" गिरिजाबाई म्हणाल्या.

"का? जालन्याला काय माणसं उतरत न्हाईत?"

बोर्डिंगातला आवाज पुन्हा लागला होता. नवरा कोकणात पोचला, दारात उभा राहिला.

"अन् कुसुम?" झुंबरबाईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ती बेहोश झाली."

"कशाला? ती म्हणाली असंल, इतके दिवस व्हता कुठं? हात-पाय धुवा, जेवायला वाढते."

"हे काय बोलणं झालं? शिकलेली बाई हाय ती."

"शिकलेल्यांचे नवरे काय पाय न धुता जेवतेत?"

रामराव तावातावानं कुसुमची बाजू मांडू लागले आणि मधेच अडखळले. नसलेल्या बाईच्या तोंडच्या वाक्यासाठी आपण असलेल्या बाईशी भांडतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यात त्यांना काही गैरही वाटेना.

"बरं," ते खुर्ची आणखी आत घेत म्हणाले, "पाणी कोणी दिलं मंग? तिनं का सासूनं?"

झुंबरबाईंनी सूप खाली ठेवलं. "सासू हाय का तिला? मला तर वाटलं वारली."

"न्हाई," रामराव म्हणाले. "सासू जित्ती हाय. अन् लई खवचट हाय."