माशी की ठिपका

भरतीचा निकाल लागला, पण ट्रेनिंगचं बोलावणं यायला अजून अवकाश होता. धावणं झालं, लेखी झालं, मेडिकल झालं, आणि एवढं सगळं होऊनही मी बंदूक कधी हातात धरलेली नव्हती. आमच्या बाभुळगावच्या घरात शस्त्र म्हणावं अशी एक विळीच. बाबा तहसीलीत कारकून, आजोबाही तिथलेच. फौजेत जायचं माझ्या डोक्यात कुठून आलं, हे घरात कोणालाच सांगता यायचं नाही. खरं तर मलाही.

गावाबाहेर एका रिटायर्ड सुभेदारांचं शेत होतं. सगळे त्यांना फौजी काका म्हणत. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना ते सकाळी पळवायचे. मलाही त्यांनीच पळवलं होतं. त्यांच्याकडे छर्ऱ्याची एक एअरगन होती. मी म्हटलं, "काका, मले नेम शिकवा."

"कायले? तिथं शिकवतेत ना. इथं उलटंसुलटं शिकशीन, तं तिथं विसरा लागन."

मी घरी आले. आठवड्याभरानं त्यांचाच फोन आला. "येत काहून नाई तू? रविवारी ये."

रविवारी बाबांनी स्कूटर काढली. कापसाची वेचणी होऊन शेत मोकळं झालं होतं, धुऱ्याला, शेताच्या कडेनं, तूर उभी होती. काकांनी मातीच्या उंच बांधाला टेकून मातीनं भरलेलं पोतं ठेवलं, त्यावर पुठ्ठा लावला. पुठ्ठ्याच्या मधोमध काळा ठिपका. मला पालथं झोपवलं, कोपर कुठं, गाल कुठं ते दाखवलं.

"हे मांगं खाच हाय. नळीच्या टोकाले हे उभं हाय ना, ते माशी. माशी खाचेच्या बरोबर मधात आली पायजे. दोन्ही बाजूनं सारखा उजेड. मंग माशीच्या टोकावर ठिपका बसव. अन् घोडा झटक्यानं ओढू नोको, हळू दाबत जा."

ऐकायला सोपं होतं. पण मी ठिपक्याकडे पाहिलं की माशी पुसट व्हायची, माशीकडे पाहिलं की ठिपका विरघळायचा. दोन्हींकडे आळीपाळीनं पाहता पाहता श्वास संपायचा आणि घाईत घोडा दाबला जायचा. छर्रे पुठ्ठ्यावर कुठंही. एखादा तर पोत्यावरून बांधात.

"तू पाह्यतं कायले?" काकांनी विचारलं.

"ठिपक्याले."

"तेच तं चुकून राह्यलं. माशी पाय. ठिपका धुंदला दिसला तरी चालते."

मला ते पटेना. जिथं मारायचं तिथं बघायचं नाही, हे कुठलं शास्त्र? लहानपणी आम्ही चिंचा पाडायचो, तेव्हा डोळा चिंचेवरच असायचा. हातातल्या दगडाकडे कोण बघतं? मी काकांसमोर मान हलवायची आणि गाल बंदुकीला लागला की पुन्हा ठिपक्याकडेच बघायची. ते न सांगताही ओळखायचे. पुठ्ठाच चहाडी करायचा.

असे बरेच रविवार गेले. मी सुधारत होते की नाही, तेच कळत नव्हतं. एका रविवारी तीन छर्रे शेजारी शेजारी लागायचे, पुढच्या रविवारी सगळे भरकटायचे, आणि दोन्ही वेळा मी नेमकं काय वेगळं केलं ते मला सांगता यायचं नाही. बाबा तुरीच्या कडेला उभे राहून विचारायचे, "लागलं का, बेटा?" मी म्हणायची, "लागलं बी अन् नाई बी."

मग एकदा काकांनी ठिपक्याचा नवा पुठ्ठा घेतला आणि उलटा लावला. मागची बाजू कोरी होती.

"मार."

"कुठं?"

"कुठंई. मधात कुठंतरी."

ठिपकाच नव्हता, तेव्हा बघायला माशीशिवाय काही उरलं नाही. मी माशी खाचेत बसवली, दाबत गेले. पुन्हा छर्रा भरला, पुन्हा घोडा दाबला. पुठ्ठा आणून पाहिला तर सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. काका हसले. "पाह्यलं? बंदूक बरोबर हाय. तूई बरोबर हाय. ठिपकाच तुले नडते."

मला हसू येईना. समोर काही नसलं की माझा नेम लागतो, असलं की चुकतो. मग या नेमाचा उपयोग काय, हे विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी काकांनी बाबांना म्हटलं, "साहेब, तुमीई पाहा एक मारून." बाबा नको नको म्हणत शर्टाची बाही सावरत आडवे झाले. काकांनी ठिपक्याची बाजू पुन्हा पुढे केली. बाबांनी बराच वेळ घेतला. छर्रा ठिपक्यात, अगदी मध्यावर. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मात्र बंदूक जपून, झोपलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली आणि कपड्यांची माती झटकत राहिले.

परत येताना बाबा गाव जवळ आल्यावर स्कूटर हळू करून म्हणाले, "पुठ्ठ्यावर ठिपका हाय म्हणून बरं वाटते. माणूस असन तं?"

"ते पुढचं पुढं, बाबा."

"हं," ते म्हणाले. मला वाटलं, आता ते मला जाऊ नको म्हणतील. तसं म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडताना तरी मला काय हवंय ते समजलं असतं. पण त्यांनी वाटेत थांबून आईसाठी संत्री घेतली आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या रविवारी मी फौजी काकांना तोच प्रश्न विचारला. ते बंदुकीची नळी पुसत होते.

"समोर माणूस असला तं काय दिसते, काका?"

त्यांनी पुसणं थांबवलं नाही. "माशी."

"अन् माणूस?"

"धुंदला."

मग फडक्याची घडी करून म्हणाले, "मी तुले एवढंच सांगू शकतो. त्याच्या पुढचं मलेच माईत नाई." आणि चहा ठेवा म्हणून शेतातल्या घराकडे ओरडले. मला त्या उत्तरानं धीर आला की भीती वाटली, हे मी कितीदा आठवून पाहिलं. अजून नक्की सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी माशीकडे बघायला लागले एवढं खरं. पटलं म्हणून की ठिपक्याकडे बघवेना म्हणून, देव जाणे. पण नेम स्थिर झाला.

बोलावणं आलं. दूर दक्षिणेत ट्रेनिंग सुरू झालं आणि काही आठवड्यांनी आम्हाला खऱ्या रायफलीसह रेंजवर नेलं. समोर गोल ठिपका नव्हता. लाकडी फळीवर माणसाची आकृती होती, डोकं आणि खांद्यांसकट. माझ्या शेजारच्या हरियाणाच्या मुलीनं पहिली गोळी झाडली, कान बंद असूनही छातीत धप्प झालं. मी अजून नुसतीच पडून होते.

"क्या हुआ?" मागून उस्तादांचा, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांचा, आवाज.

"कुछ नहीं, उस्ताद."

मी माशी बसवली आणि घोडा दाबत गेले. खांद्याला धक्का बसला. मग दुसरी गोळी, तिसरी. टार्गेट तपासायला गेलो तेव्हा माझी भोकं आकृतीच्या एका खांद्याजवळ दाटीनं बसली होती, मध्यापासून बरीच लांब. मी मान खाली घातली. भोकं एकमेकांजवळ होती, म्हणून उस्ताद मात्र खूश. "ग्रुप देखो इसका! बीच में तो हम ला देंगे।" त्यांनी बाकीच्यांना बोलावून माझं टार्गेट दाखवलं. शेजारची मुलगी माझ्या पाठीवर थाप मारून गेली. मी हसत होते, आणि बोटानं त्या खांद्याजवळची भोकं चाचपत होते.

संध्याकाळी फोन करायची परवानगी मिळाली. बाबांनी उचलला. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे चांगलं झालं म्हणा की," ते म्हणाले.

"उस्ताद तं म्हणाले चांगलं झालं."

"अन् तुले काय वाटते?"

मागे रांगेत मुली उभ्या होत्या. मी म्हटलं, "मले अजून समजून नाई राह्यलं, बाबा."

"असू दे," ते म्हणाले. "मलेई नाई समजत. तू जेवली का?"

जेवण व्हायचं होतं. मी हो म्हणून सांगितलं.