अप्पांचे घोंगडीवरचे लेख

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुणाला काही विकलेलं नाही. लोकच त्यांच्याकडून घेऊन गेले. बीडच्या बाजारात त्यांचं घोंगड्यांचं पिढीजात दुकान. सगळा बाजार त्यांना अप्पा म्हणे. गिऱ्हाईक ओट्यावर टेकलं की आधी तांब्याभर पाणी, मग 'गाव कोणतं?', मग त्या गावात अप्पांची एखादी सोयरीक निघायचीच. ती मुळापासून शेंड्यापर्यंत सांगून होईस्तोवर गिऱ्हाइकाची एसटी निघून गेलेली असे. एकदा आष्टीचे एक गृहस्थ भाव विचारायला आले आणि भाचीचं लग्न ठरवून गेले. घोंगडी राहिलीच.

थोरला मुलगा कॉम्प्युटर शिकून आला, तेव्हा बाजारात मोबाईलची दुकानं निघू लागली होती. त्यालाही घोंगड्या काढून काचेची शोकेस लावायची होती. अप्पांना अन्न गोड लागेना. शेवटी माझ्यासमोर तोड निघाली: मुलाने दुकानाची वेबसाईट काढायची, अप्पांनी तिच्यावर लेख लिहायचे. लेख वाचून दिवाळीपर्यंत एक जरी गिऱ्हाईक आलं तर घोंगडी राहील, नाहीतर शोकेस.

अप्पा सांगत, मुलगा टाइप करी. पहिला लेख 'घोंगडी कशी पारखावी'. सुरुवात, 'या, बसा, पाणी घ्या. गाव कोणतं?' मग पालीच्या धरणावरचा वारा कसा झोंबतो, जत्रेत हरवलेली चुलती घोंगडीच्या काठावरून कशी सापडली, असं करत करत लेख संपला. घोंगडी कशी पारखावी ते काही आलं नाही.

"अप्पा, लोकांनी मालाकडं वळावं म्हनून लेख असतेत. वरच भाव टाका की!" मुलगा वैतागे.

"कावून टाकू बे? पाहुना दारात आला अन् 'कवा जानार' इचारलं, तसं हाय ते!"

निदान शेवटच्या ओळीत तरी भाव टाका, असं मीही सुचवून पाहिलं. "पाव्हणं, तुमी बी?" एवढंच म्हणाले. पुढच्या लेखाची शेवटची ओळ आली, 'भावाचं बघू, दुकान आपलंच हाय.'

दसरा उलटला. लेख वाचून कुणी फिरकलं नाही. सुतार येऊन शोकेसची मापं घेऊन गेला. अप्पा लेख सांगतच राहिले, पण आवाजात जोर नव्हता. खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवत नसे.

वसुबारसेला मी दुकानात बसलो होतो. कडक इस्त्रीतला एक माणूस पायरी चढून आला. अप्पांनी सवयीने तांब्या पुढे केला. ते तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "गाव लिंबागणेश. तुम्ही लेखात विचारलं होतं. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण हे कुणी विचारलं नाही."

अप्पांनी त्याला हाताला धरून ओट्यावर बसवलं. मग जे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत. पाहुण्याने भाव विचारून पाहिला, अप्पांनी त्याच्या आजोळची चौकशी केली. शेवटी त्यानेच उठून फळीवरची घोंगडी काढून घेतली. मुलाने सुताराला 'येऊ नका' म्हणून निरोप धाडला.

आता दुकानात थोरला बसतो. तोही आधी पाणीच देतो, आणि अप्पा आतल्या खोलीतून 'गाव इचारलं का?' म्हणून ओरडतात. मी मात्र पुण्याला येऊन राहिलो. इथे जिन्यात लोक भेटतात, हसतात, पुढे जातात. एखाद्या संध्याकाळी फारच सुनं वाटलं की मी अप्पांचा लेख उघडतो. 'या, बसा, पाणी घ्या. गाव कोणतं?' घरात कुणी नसतं, तरी मी मोठ्याने सांगतो, "बीड."