तिसऱ्या बेसकडचा बाक

हार्लन टटलला ऑफिसात बसून कुणाला कामावरून काढायला आवडत नसे. टेबलाच्या पलीकडे बसलं की माणूस आपोआप साहेब होतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून बेसबॉलच्या संघातून एखाद्या खेळाडूला कायमची रजा द्यायची झाली की तो त्याला सकाळी, बाकीचे यायच्या आत, तिसऱ्या बेसकडच्या बाकावर बोलावी. टोपी काढून शेजारी बसे, दोन वाक्यांत सांगून टाकी आणि मग त्याची बॅग स्वतः उचलून फाटकापर्यंत नेऊन देई. वरच्या संघात बढती मिळालेला आपली बॅग आपण उचलायचा, रजा मिळालेल्याची हार्लन उचलायचा. टेनेसीतल्या त्या छोट्या गावात सगळ्यांनाच हे ठाऊक होतं, अगदी भुईमुगाच्या शेंगा उकडून विकणाऱ्या बाईलासुद्धा.

हार्लन त्या संघाचा मॅनेजर, पोरांच्या तोंडी 'स्किप'. सारा जन्म खालच्या लीगांच्या बसमध्ये गेलेला, त्यामुळे पाठ कामातून गेलेली. तरुणपणी तो कॅचर होता, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या समोर उकिडवं बसून तो झेलणारा. त्याच्या हाताची बोटं अजून वाटेल त्या दिशेला वळलेली होती. आता त्याच्याकडे डेन ओव्हर्बी नावाचा कॅचर होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवी पोरं निवडतात तेव्हा, अगदी शेवटी, निम्मे लोक उठून जेवायला गेल्यावर ज्यांची नावं घेतात, त्यातला. अशांना खरं तर कुणी खेळाडू म्हणून घेत नाही. लाखो डॉलर मोजून आणलेल्या पिचरचे चेंडू झेलायला कुणीतरी लागतं, म्हणून ही खोगीरभरती. हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगितलं तर झेलणार कोण?

दर रविवारी मुख्य ऑफिसातून रिडलीचा फोन येई आणि हार्लन एकेका पोराबद्दल आपलं मत सांगे. रिडली पक्का उंटावरचा शहाणा, पण हार्लनच्या मताला किंमत देई. डेनबद्दल हार्लन काहीच लपवत नसे. झेलतो उत्तम, पिचरला सांभाळून घेतो, चिडलेल्याला शांत करतो. पण बॅट हातात घेतली की वळणारा चेंडू त्याला दिसत नाही, आणि आता दिसणारही नाही. वर जाणार का? नाही.

त्या रविवारी हे सगळं ऐकून घेऊन रिडली म्हणाला की ठीक आहे, त्याला वरच्या संघाकडे पाठव. त्यांच्या कॅचरचा अंगठा मोडलाय, तो बरा होईपर्यंत आमचे दोन महागडे पिचर सांभाळायला कुणीतरी हवंय. बॅट त्याच्या हातात द्यायची नाही. हार्लनने विचारलं, मग पुढे? रिडली म्हणाला, बघू.

हा 'बघू' हार्लनच्या चांगल्या ओळखीचा होता.

फोन ठेवल्यावर त्याने कपडे सांभाळणाऱ्या माणसाला निरोप दिला, ओव्हर्बीला उद्या सकाळी बाकाकडे पाठव. ऑफिसातला पंखा बंद पडला होता आणि बाकावर वारा लागतो, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी डेनला पाहिल्यावर.

डेन दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आला होता आणि खांद्यावर भरलेली बॅग होती. बाहेर रस्त्यावर त्याची बायको मार्ली गाडीत बसून होती. हार्लन तोंड उघडणार तोच डेन म्हणाला, "स्किप, तुम्ही सांगायला नको. मला गेल्या वर्षीच कळलं होतं. कुणीतरी एकदा तोंडाने म्हणावं, एवढंच राहिलं होतं." मग त्याने सांगितलं की गावच्या शाळेत मुलांना खेळ शिकवायची नोकरी आहे, शाळा या आठवड्यापर्यंत थांबलीय, मार्ली रोज विचारते आणि तो रोज उद्यावर ढकलतो. बोलता बोलता तो हसला. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा मोकळा दिसत होता.

हार्लनला वाटलं, गप्प बसावं. पण खोटं बोलून कुणाला सोडवायचं नसतं.

"पोरा, चूक माझी. तुला रजा नाही. वरच्या संघाने बोलावलंय."

डेनचा मोकळा चेहरा मिटला आणि त्याच्या जागी जुनी आशा परत आली. आशा सुटेना आणि देव भेटेना, अशी या धंद्यातल्या पोरांची गत हार्लनने जन्मभर पाहिली होती, पण ती आशा अशी डोळ्यांदेखत कुणाच्या चेहऱ्यावर चढताना त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"तुम्ही सांगितलंत त्यांना माझ्याबद्दल?" डेनने विचारलं.

"दर रविवारी सांगतो. तू झेलशील म्हणालो. मारशील का, तर नाही म्हणालो. त्यांना झेलणाराच हवाय, अंगठा बरा होईपर्यंत."

"आणि मग?"

"बघू म्हणाले."

डेनने सूर्यफुलाच्या बिया तोंडात टाकल्या आणि मैदानाकडे बघत बसला. पाणी मारणारा माणूस पिचरच्या उंचवट्यावर पाईप धरून उभा होता. डेनने विचारलं, "तुम्ही असता तर गेला असता?"

"मी गेलो होतो," हार्लन म्हणाला. "त्या वर्षीही गेलो, पुढच्या वर्षीही. गावी एक मुलगी थांबली होती. ती थांबायची थांबली, तरी मी जातच होतो." त्याने डेनकडे पाहिलं. "जायचं तर जा. वाईट काही नाही त्यात. पण मी तुला बढती देतोय असं समजून जाऊ नकोस."

डेन उठला. बॅग बाकाजवळ जमिनीवर होती. तो खाली वाकला, पट्ट्याला हात लावला आणि तसाच थांबला. हार्लन टोपी हातात धरून बसला होता. आपण हात पुढे करायचा नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मग डेनने पट्टा सोडला.

"बॅग तुम्ही घ्या, स्किप."

कॅचरची बॅग जड असते. हार्लनने ती उचलली, पाठीतून कळ आली तरी खाली ठेवली नाही. ते दोघे फाटकातून बाहेर आल्यावर मार्लीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बॅग कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. ती खाली उतरली आणि काही न विचारता तिने गाडीची डिकी उघडली.