ढगातला दादा

असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. या ग्रुपवरचे गूढ अनुभव बायकोला वाचून दाखवायचे आणि वर खो खो हसायचं, हा माझा रविवारचा उद्योग. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर आता ती हसतेय... हसू दे.

फोटोशॉप मी पन्नाशीत यूट्यूबवर शिकलो. तेव्हापासून नात्यातले सगळे फ्लेक्स माझ्याच गळ्यात. लेकीच्या लग्नाचाही मीच केला. प्रत्येक माणसाचा वेगळा लेयर – एकावर एक काचा ठेवल्यासारखं समजा. आमच्याकडची रीत अशी, की हयात माणसं खाली ठळक आणि गेलेली वर ढगात, पुसट. म्हणून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, चाळीस टक्क्यांवर आणून ढगात बसवलं.

आता दादा. माझा थोरला भाऊ, घोडेगावला शेती करतो. सोयरीक जमवताना त्याला आधी विचारलं नाही म्हणून रुसला – "तुझ्या मांडवात पाय ठेवनार न्हाई." मग मलाही चढला राग. त्याचा लेयर धरला आणि डिलीट केला.

बायको म्हणाली, "अहो, भाऊजींना राहू द्या."

"येणारच नाही, तर शोभेला कशाला?" – इति मी.

फाईल नागापूरच्या फ्लेक्सवाल्याला पाठवली. लग्नाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स कार्यालयाच्या गेटवर चढला... आणि ढगात, आबांच्या शेजारी, दादा! पुसट, पण दादाच. मी पाठवलेली फाईल तिथेच मोबाईलवर उघडली. त्यात आबांच्या शेजारी नुसते ढग. फ्लेक्सवाल्याला फोन केला, तर म्हणतो, "काका, तुम्ही पाठवलं तेच छापलंय."

दुसरा छापायला वेळ नव्हता. आणि लग्नाच्या सकाळी गेटवर बघतो, तर दादा उभा! गावातल्या कुणीतरी त्याला फ्लेक्सचा फोटो पाठवला होता.

"बाळ्या, जित्तेपनीच ढगात घातलं व्हय रं मला?"

सगळे हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "पन आबांच्या शेजारी बसवलंस. मला वाटलं, काढूनच टाकलं आसशील."

आणि मी काय बोललो? "असं कसं काढीन, दादा?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी घाईघाईने अक्षता शोधायला लागलो.

लग्नानंतर तो फ्लेक्स दादानेच नेला, गोठ्याला आडोसा म्हणून बांधला. परवा गेलो होतो. उन्हाने सगळे उडालेत – नवरा-नवरी, पाहुणे, आबा, ढगसुद्धा. माझा तर नुसता चष्मा उरलाय. दादा मात्र पहिल्यापेक्षा ठळक... मिशीचा केस न् केस दिसतो.

"माझ्या फोटूला शाई लई भारी वापरली हुती गड्या तू," दादा म्हणाला आणि चहाचा कप पुढे केला. मी कपातच बघत बसलो.

हे कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि जे सांगता येण्यासारखं आहे, ते दादाला सांगायची हिंमत झालेली नाही. तो हा ग्रुप वाचत नाही... म्हणून तर इथे लिहिलं.